नुसते कल्ले

३ जानेवारी

काका,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, म्हणून आधी ओळख सांगते. मी तुमच्या दादाची धाकटी मुलगी. आजी गेली तेव्हा आपण भेटलो होतो. मी लहान होते, आणि मोठी माणसं रडत असताना प्रत्येकाला 'आता आजी कुठे आहे' असं विचारत फिरत होते. तुम्ही मला दारामागे नेलंत, खिशातली पेपरमिंटची गोळी दिलीत आणि माझं नाव 'भुणभुण' ठेवलंत. तेव्हा बाबा तुमच्याकडे पाठ करून उभे होते, तेही आठवतं. मी फोनच करणार होते, पण आत्या म्हणाली, तुम्ही फोनवर चारदा 'काय?' म्हणता आणि ठेवून देता.

मी इतिहासात पदवी घेतली. आपल्या घरातली ही पहिली पदवी, असं बाबांनी दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आता मी अभिलेखागारात काम करते, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जिथे जपून ठेवतात त्या इमारतीत. आमच्या बाई शीतयुद्धातल्या हेरगिरीच्या अभ्यासक आहेत आणि मी त्यांची मदतनीस. दोन महासत्ता एकमेकींवर अण्वस्त्रं रोखून बसल्या होत्या त्या वर्षांत हेरांनी काय केलं, आणि त्यांनी केलेल्याचा राजकारणावर खरंच काही परिणाम झाला का, हा आमचा विषय. ज्या कागदावरून कोणीतरी युद्धाचा निर्णय घेणार होतं तो माझ्या हातात असतो, आणि त्याच्या कोपऱ्यात चहाचा डाग असतो.

आता मुद्द्यावर येते. दोन्ही महासत्तांनी आपल्या शहरात झालेल्या शस्त्रकपातीच्या वाटाघाटींचे कागद खुले केलेत. पश्चिमेकडच्या हेरखात्याच्या एका अहवालात 'खंड्या' नावाचा खबऱ्या आहे. त्यांच्याकडे प्रत्येक खबऱ्याला पक्ष्याचं टोपणनाव देत. खंड्या म्हणजे 'वाटाघाटींच्या हॉटेलातल्या तळघरातल्या सलूनचा न्हावी'. परकीयांच्या खबऱ्यांची यादी सरकारची एक समिती मेमध्ये जाहीर करणार आहे. त्या मसुद्यात खंड्यासमोर आपलं आडनाव वाचलं आणि बोट ठेवून पुन्हा वाचलं.

यादीत नाव आलं की ते वर्तमानपत्रात येणार, तुमच्या गावात येणार. पण नावाखाली इतिहासकाराचं टिपण जोडता येतं, मार्चअखेरपर्यंत दिलं तर. बाई म्हणतात, फाईल म्हणजे एका माणसानं आपल्या साहेबाला केलेला अर्ज असतो. कोणी लिहिली, कोणाला लिहिली, आणि लिहिणाऱ्याला त्यातून काय हवं होतं, हे विचारल्याशिवाय तिच्यातलं अक्षरही खरं धरायचं नाही. म्हणून मी तुम्हालाच विचारतेय. तुम्ही खबऱ्या होतात का?

बाबांना हे पत्र माहीत नाही. त्यांच्यासमोर तुमचा विषय निघाला की ते उठून नळ घट्ट करायला जातात. आमचे सगळे नळ फार घट्ट आहेत.

तुमची,
भुणभुण


१२ जानेवारी

भुणभुण,

पाकिटावरचा सरकारी शिक्का बघून पोस्टमननं तुझं पत्र मेलेला उंदीर आणावा तसं दोन बोटांत धरून आणलं. आता गल्लीला वाटतंय की माझ्यावर जप्ती आली.

मी खबऱ्या नव्हतो. लिही असं तुझ्या टिपणात आणि मोकळी हो. आणि पक्ष्याचंच नाव द्यायचं होतं तर मोर द्यायचा. खंड्या काय? दिवसभर तारेवर बसून असतो.

त्या सलूनमध्ये एक खुर्ची होती, समोर आरसा, मागे वाट बघणाऱ्यांसाठी बाक. वर सभागृहात एकमेकांच्या तोंडाकडे न बघणारे लोक खाली त्या बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. पूर्वेकडच्यांचे प्रमुख, त्यांना मी मनात म्हातारेबुवा म्हणायचो, दर गुरुवारी सकाळी यायचे. त्यांच्यामागे हटकून पश्चिमेकडचा एक उंच माणूस. कडक उन्हातही हातात छत्री, म्हणून तो छत्रीवाला. म्हणे त्यांच्या वकिलातीत संगीत-नाटकाचं बघायचा. त्याच्या डोक्यावर केस असे नव्हतेच, तरी दर आठवड्याला कापायला हजर. आता तू सांगतेस म्हणून उलगडलं.

बोलायचो मी सगळ्यांशीच. दोन्ही भाषा हॉटेलात कामापुरत्या आल्या होत्या. न्हाव्यानं गप्प बसून वस्तरा चालवला तर गिऱ्हाईक घाबरतं. पण काय बोलायचो? हवा, गुडघे, मुलं. आणि मॅनेजर विचारायचा ते. त्याला कोणती खोली कधी रिकामी होणार हे नोंदणीच्या टेबलाआधी माझ्याकडून कळायचं. माणूस घरी निघाला की आदल्या दिवशी बारीक कापून घेतो, मानेवर मशीन मारून घेतो. बायकोला तोंड दाखवायचं असतं. आणि मुक्काम वाढला की म्हणतो, नुसते कल्ले सारखे कर. राजा असो की ड्रायव्हर, यात फरक नाही.

माझं मशीन त्याच काळातलं आहे, अजून चालतं. दादाची बोटं कशी आहेत? थंडीत आखडायची. नळ घट्ट करतो म्हणजे बरी असावीत.

काका


२ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र वाचून बाई खुर्चीतून उठल्या. 'नुसते कल्ले' ही ओळ त्यांनी मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावली. कारण आम्हाला आता तो गुरुवार सापडलाय.

वाटाघाटी मोडायला आल्या होत्या. दोन्ही बाजूंची क्षेपणास्त्रं सज्ज होती. पश्चिमेकडच्यांना वाटत होतं की समोरचे उठून जाणार, आणि ते गेले म्हणजे पुढे काहीतरी भयंकर येतंय. त्याआधी आपणच निघावं म्हणून त्यांचं विमान धावपट्टीवर उभं होतं. त्या गुरुवारी दुपारी छत्रीवाल्यानं राजधानीला कळवलं: 'प्रमुखांच्या निकट वावर असलेला खंड्या खात्रीनं सांगतो, ते इतक्यात जात नाहीत.' राजधानीनं विमान थांबवलं आणि नवा प्रस्ताव धाडला. शुक्रवारी सकाळी पूर्वेकडचे सभागृहात आले तर समोरचे नवे कागद मांडून बसलेले. त्यांनी आपल्या राजधानीला तार केली: समोरचे गेलेले नाहीत, काय करावे?

उत्तराची तार माझ्या हातात होती, काका. 'थांबा.' मूळ भाषेतही एकच शब्द आहे. कागद पिवळा पडलाय, हातमोजे घालून धरावा लागतो. मी तो शब्द वाचला आणि खिडकीबाहेर बघितलं. खाली एक बाई भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत होती, समोर शाळा सुटत होती. मला वाटलं, हे सगळं या एका शब्दावर उभं आहे आणि यातल्या कोणालाच ते माहीत नाही.

हेरगिरीनं काय साधलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. काही म्हणतात, काहीच नाही. पुढाऱ्यांना जे पटत होतं तेवढंच त्यांनी ऐकलं, बाकी फायली धूळ खात पडल्या. काही म्हणतात, हेरांमुळे संशय वाढला आणि शस्त्रंही. आणि काही म्हणतात, पत्त्यांच्या डावात दिसावा तसा दोघांना एकमेकांचा हात दिसत होता म्हणूनच कोणी घाईनं पान टाकलं नाही, शांतता टिकली ती त्यांच्यामुळे. मी नेहमी या तिसऱ्यांच्या बाजूची. आता तर माझ्याकडे पुरावा आहे आणि तो माझा सख्खा काका आहे.

मला वाटतं, म्हातारेबुवांना जायचं नव्हतं. तुम्ही ते केसांवरून ओळखलंत आणि नेमक्या माणसाच्या कानावर नेमक्या वेळी घातलंत. तसंच ना? तसा मसुदा मी लिहिलाय. खबऱ्या नव्हे, शांतिदूत. बाबा हे वाचतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघायला मी समोर असणार आहे.

भुणभुण


१० फेब्रुवारी

भुणभुण,

तसंच म्हण.

पत्र वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि तळ्याभोवती फेरी मारून आलो. एवढं सगळं झालं, आणि मला आजवर कोणी एक पोस्टकार्ड टाकलं नाही.

आता आठवायला बसल्यावर सगळं स्वच्छ आठवतंय. म्हातारेबुवा आले, बसले, त्यांच्या डोळ्यांतच मला दिसलं. मी मनात म्हटलं, यांना थांबायचंय. कल्ले केले. छत्रीवाला बाकावर होताच. हा काय चीज आहे हे मी कधीच ओळखलं होतं. मग हळूच, अगदी सहज वाटेल असं, त्याच्या कानावर घातलं. जे करायचं ते विचार करून केलं.

कालपासून गिऱ्हाइकांनाही थोडंथोडं सांगतोय. समोरचा चांभार म्हणाला, 'तू जग वाचवलंस, आणि माझी हजामत दर वेळी वाकडी.' मी म्हटलं, माणसाला एकच काम नीट जमतं.

दादानं वाचलं की कळव. काय म्हणाला ते जसंच्या तसं लिही, शिव्या असल्या तरी.

काका


१६ फेब्रुवारी

काका,

हे पत्र लिहायला मला जड जातंय.

बाईंनी माझा मसुदा तीनदा वाचला आणि एकच प्रश्न समासात लिहून परत दिला. काल पूर्वेकडचा आणखी एक कागद आला: म्हातारेबुवांची स्वतःची तार, त्या बुधवारी संध्याकाळची. 'परतीचा हुकूम मिळाला. सामान बांधले आहे. शुक्रवारी निघतो.' म्हणजे गुरुवारी सकाळी ते तुमच्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांचं जाणं पक्कं होतं. सामान बांधलेलं होतं.

बाईंचा प्रश्न असा: घरी निघालेला माणूस बारीक कापून घेतो, असं तुमच्या काकांनीच लिहिलंय. राजा असो की ड्रायव्हर. मग या माणसानं त्या दिवशी नुसते कल्ले का करून घेतले?

तुमच्या पहिल्या पत्रातला नियम आणि दुसऱ्या पत्रातली हकीकत यांचं जुळत नाही. बाई म्हणाल्या, 'पहिलं पत्र लिहिताना त्यांना काहीच सिद्ध करायचं नव्हतं, म्हणून मी पहिल्यावर जास्त विश्वास ठेवते.' मला राग आला. मग रिकाम्या वाचनकक्षात बसून मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि मला पटलं. मला काय ऐकायला आवडेल ते मी आधी लिहिलं आणि मग तेच तुमच्याकडून ऐकलं. छत्रीवाल्याच्या राजधानीनं जे केलं तेच मी केलं.

काका, मला शांतिदूत नको. जे झालं तेवढंच सांगा. त्यात तुम्ही लहान दिसलात तरी माझे काकाच राहाल.

भुणभुण


१४ मार्च

भुणभुण,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, मधलं आठवणीचंही. उत्तर द्यायला मन होत नव्हतं.

तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्या पोलिसात असत्या तर मी सुटलो नसतो. वाटाघाटी आटपल्यावर आपल्या गुप्त पोलिसांनी मला तीन दिवस बसवून ठेवलं होतं, आणि त्यांनीही घोळवून घोळवून हेच विचारलं. 'त्या गुरुवारी केस कमी का कापलेस? ही कोणती खूण होती?' मी सांगितलं नाही. तुला सांगतो.

म्हातारेबुवांनी बारीकच मागितले होते. मानेवर हात फिरवून म्हणाले, आज सगळं साफ कर, मशीन मार. आणि माझ्याकडे मशीन नव्हतं. बिघडलं होतं. नुसत्या कात्रीनं कापायला वेळ लागला असता आणि त्यांना वर बोलावणं आलं होतं. म्हणून कल्ले सारखे केले, मानेवरून वस्तरा फिरवला, आणि दुपारी या म्हटलं. ते काही दुपारी आले नाहीत. छत्रीवाला बाकावरून म्हणाला, 'आज एवढंच?' आता एवढ्या मोठ्या हॉटेलात, मशीन बिघडलंय म्हणून सांगायचं? मॅनेजरच्या कानावर गेलं असतं. म्हटलं, 'त्यांना एवढंच हवं होतं. इतक्यात कुठे जातायत.' वेळ मारून नेली. झालं. ही तुमची खंड्याची खात्रीलायक खबर. डोळ्यांत बिळ्यांत काही दिसलं नव्हतं. म्हातारेबुवा डोळे मिटूनच बसायचे.

पोलिसांना हे का सांगितलं नाही? मशीन दादाकडे होतं म्हणून.

ते विजेचं, परदेशी बनावटीचं, हॉटेलच्या मालकीचं. आतली स्प्रिंग गेली, ती इथे मिळेना. दादाच्या हाताला गुण, म्हणून गुपचूप त्याला नेऊन दिलं. बुधवारी देतो म्हणाला आणि दिलं नाही. दादा तेव्हा कुठे होता? सैन्याच्या गाड्यांच्या कारखान्यात फिटर. दोन महासत्तांच्या लोकांच्या मानेवरून फिरणारं परदेशी यंत्र त्यानं घरी उघडलं आणि त्यात स्वतः घडवलेला भाग बसवला, हे मी त्या लोकांना सांगायचं? त्यांनी त्या स्प्रिंगमध्ये काय काय शोधलं असतं. बढतीचं जाऊ दे, दादा घरी आला नसता. तुझी ताई पाळण्यात होती.

मी सुटून घरी आलो त्याच दिवशी दादाला कारखान्यात कळलं होतं की त्याची फोरमनची जागा गेली, भाऊ परकीयांशी बोलतो म्हणून. तो दारातच उभा होता. म्हणाला, 'तुझी जीभ तुझ्या कात्रीहून जास्त चालते.' मी तीन दिवस तीच जीभ चावून बसून आलो होतो.

पुढे माझी हॉटेलातली जागाही गेली. मॅनेजर भला माणूस, निघताना ते मशीन माझ्या पिशवीत टाकलं. दादाची स्प्रिंग अजून तशीच आहे.

येऊ दे माझं नाव यादीत. या वयात मला कोण काय म्हणणार? चांभार तर आत्ताच म्हणतो. दादाला मात्र यातलं काही सांगू नकोस.

काका


१७ मार्च

काका,

पत्र मी बाईंना दिलं आणि त्या वाचत असताना त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'म्हणजे ते जाणारच होते. खबर चुकीची होती. ती खरी मानून समोरचे थांबले, आणि समोरचे थांबले म्हणून हेही थांबले. चुकीची खबर शुक्रवारी सकाळी खरी झाली.'

या विषयावरची भिंतभर पुस्तकं आमच्याकडे आहेत. हेरांनी सांगितलेलं खरं होतं की खोटं, यावर त्यात शेकडो पानं आहेत. ऐकणारा ते ऐकून काय करतो, आणि त्यानं तसं केल्यावर जग कुठे सरकतं, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. मी ज्यांच्या बाजूची होते ते तिसरे इतिहासकारही पुरे पडत नाहीत. त्या दिवशी कोणालाही कोणाचा हात दिसत नव्हता. सगळे अंधारात चाचपडत होते, आणि अंधारातच एकाचा हात दुसऱ्याच्या हाताला लागला.

तुम्ही युद्ध थांबवलं असं मी लिहिणार नाही. जे झालं नाही त्याचा पुरावा नसतो, हे बाईंनी मला शिकवलंय. दोघे उठून गेले असते तरी कदाचित काहीच झालं नसतं. 'कदाचित' हा शब्द मला पूर्वी भित्रा वाटायचा. आता तो मी जपून लिहिते.

पण काका, सगळ्यात जास्त मी त्या तीन दिवसांपाशी थांबले. महासत्तांच्या हुकमांपेक्षाही. त्या खोलीत एक वाक्य बोलून तुम्ही सुटला असतात.

आता एक अडचण आहे. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर समिती विश्वास ठेवणार नाही, तुम्ही स्वतःच्याच बाजूनं बोलताय म्हणून. दुसरा साक्षीदार हवा, आणि तो तुमच्या प्रेमातला नको. मशीन कोणाकडे होतं हे सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो मी जन्मायच्या आधीपासून तुमच्याशी बोललेला नाही. बाई म्हणाल्या, असा साक्षीदार लाखात एक मिळतो. तुमच्यातला अबोलाच इथे सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

त्या काळचे कायदे गेले, तो कारखाना गेला. बाबांना आता कोणी नेणार नाही. तरी तुम्ही नको म्हणालात तर मी विचारणार नाही. मार्च संपत आलाय.

भुणभुण


२० मार्च

भुणभुण,

विचार त्याला. पण जेवण झाल्यावर विचार. उपाशीपोटी तो ऐकत नाही.

आणि स्प्रिंगचं तू आपण होऊन सांगू नकोस. त्याला आठवतं का बघ.

काका


२ एप्रिल

बारक्या,

तुझ्या पुतणीनं जेवणानंतर विचारलं. 'बाबा, काकाचं मशीन एकदा तुमच्याकडे दुरुस्तीला होतं का?' मी हात धूत होतो. तो नळ मी उघडाच ठेवला, असं ती म्हणते.

आठवत कसं नाही? स्प्रिंग मिळेना म्हणून तुझ्या वहिनीचं गजराचं घड्याळ फोडलं आणि त्यातली काढून बसवली. तापवून, वाकवून, घासून. पहिली तुटली, दुसरी नीट बसली, म्हणून उशीर झाला. बुधवार कबूल केला होता, शनिवारी दिलं. वहिनी अजून विचारते माझं घड्याळ कुठे गेलं. हे सगळं ती ऐकत होती. आता घरात वाटाघाटी चालू आहेत.

मग पोरीनं तुझी पत्रं माझ्यापुढे ठेवली आणि भांडी घासायला गेली. दोन बशा घासायला तिला तासभर लागला.

तिच्या समितीपुढे जाऊन सही करून आलो. तिथल्या साहेबानं विचारलं, भावाशी संबंध कसे आहेत? म्हटलं, नाहीत. किती वर्षं? म्हटलं, समोर बसलीय ना, ही जन्मायच्या आधीपासून. त्यानं ते ठळक अक्षरांत लिहून घेतलं. घड्याळाच्या साक्षीला वहिनीला नेलं होतं. ती एवढं बोलली की साहेबानं पाणी मागवलं. तुझ्या नावाखाली पोरीचं टिपण छापून येणार आहे, खबऱ्या हा शब्द काढून.

त्या तारेची प्रत तिनं मला दाखवली. एकच शब्द. मी चष्मा पुसून परत वाचला. एवढा मोठा कागद, त्यात मधोमध तेवढंच. घड्याळाची स्प्रिंग पहिल्या फटक्यात जमली असती तर तो कागद नसता, किंवा त्यावर दुसरं काही असतं. पोर म्हणते, असं नक्की म्हणता येत नाही, कदाचित म्हणा. म्हणतो कदाचित. पण तुझ्या चांभाराला सांग की मशीन मी अडवलं होतं. जग कोणी वाचवलं असेल तर मी. तू नुसती थाप मारलीस.

तू तीन दिवस तिथे बसलास आणि माझं नाव घेतलं नाहीस. आणि मी दारात उभा राहून जे बोललो ते बोललो. यावर काय लिहायचं ते मला येत नाही. घरात पदवीधर एकच आहे, तिला विचारलं तर म्हणाली, हे तुमचं तुम्हीच लिहा.

गुरुवारच्या गाडीनं येतोय. फोन करणार नाही, तू चारदा काय काय करशील. केस मानेवर आलेत. वहिनी म्हणते कापून जा, भाऊ काय म्हणेल. नाही कापले.

मशीन बघायला काढून ठेव, पण मला लावू नकोस. नुसते कल्ले सारखे कर.

दादा